एकेचाळीस निबंध आणि एकही नाव नाही

सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता जेवणाच्या टेबलावर एकेचाळीस निबंध होते. पानं एकशे चार. सर्वांत मोठा निबंध साडेतीन पानांचा, सर्वांत छोटा अर्ध्या पानाचा. शिवाय दोन लाल पेनं, एक निळं पेन, एक कात्री, पिनांची एक डबी आणि टेबलाभोवती तीन माणसं : नव्या मॅडम, त्यांचे बाबा आणि आई. आईला हे टेबल आठ वाजता जेवायला रिकामं हवं होतं.

"अडीच तास म्हणजे डोक्यावरून पाणी!" नव्या मॅडम म्हणाल्या. "सगळं ठरवलेलं आहे, आई. या पद्धतीत चूक व्हायला जागाच ठेवलेली नाही."

हे वाक्य शनिवारी दुपारपर्यंत त्यांना इतक्या वेळा आठवणार होतं, की त्यांनी ते मोजलं असतं तर त्याचाही आलेख निघाला असता.

नव्या मॅडम कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागून सात महिने झाले होते. नेमणूक एका वर्षाची. कॉलेजातल्या सगळ्या परीक्षा गोल काळे करायच्या. एक प्रश्न, चार पर्याय, चार गोल. त्यातला एक काळा करायचा, पुढचं यंत्र बघून घेतं. नव्या मॅडमनी एक दिवस डोळे मिटून शंभर प्रश्नांचे गोल काळे केले आणि यंत्रात घातले. सव्वीस गुण मिळाले! तो कागद घेऊन त्या तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या.

"सर, मी एकही प्रश्न वाचला नाही, तरी सव्वीस! मुलांना काय कळलंय ते यातून कसं कळणार? त्यांना लिहू द्या. समजावून सांगू द्या."

विभागप्रमुखांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "लिहू देऊ. पण वाचणार माणूस ना? माणसाचा मूड असतो, मॅडम. त्याचं पोट बिघडतं, बायकोशी भांडण होतं. यंत्राला बायको नसते."

"मूडचा परिणाम बाजूला काढता येतो, सर. मोजमापात चूक कुठून येते ते एकदा कळलं, की ती वाट बंद करायची. माझ्या तपासणीत फार तर अर्ध्या गुणाचा फरक पडेल."

"अर्ध्या?"

"फार तर!"

"यंत्र यायच्या आधी मीही दहा वर्षं निबंध तपासलेत," सर म्हणाले. "कुणाची तक्रार आली नाही. पण ती नजर असावी लागते. बरं, घ्या परीक्षा. शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला निकाल फलकावर लागला, तर पुढच्या वर्षी निबंधही राहतील आणि तुम्हीही. नाही लागला, तर गोल आहेतच. आणि तुमचं..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. एका वर्षाच्या नेमणुकीवरच्या माणसाला अर्धं वाक्यही पुरतं.

मग नव्या मॅडमनी एकेक वाट बंद करायला घेतली. सुंदर अक्षर पाहिलं की हात सैल सुटतो. म्हणून मुलांनी निबंध संगणकावर टाइप करायचा, सगळ्यांचा टाइप एक, आकार एक. कुणाची फाइल मागे राहून कुणी त्यात फेरफार करू नये म्हणून छापून झाल्यावर सगळे संगणक त्याच संध्याकाळी पुसून टाकायचे. तसं त्यांनी संगणक खोलीतल्या गृहस्थांना लेखी दिलं. नाव लिहायचं नाही. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनानं रोल नंबर. आता राहिली एकच वाट : रोल नंबर बघून मॅडमना माणूस आठवणार. पहिल्या बाकावरच्या मुलीचा निबंध आहे म्हटलं, की तो वाचायच्या आधीच बरा वाटणार.

ही वाट बंद करायला त्यांनी बाबांना बोलावलं होतं.

बाबांनी चौतीस वर्षं निवडणूक कार्यालयात काढली होती. मतपत्रिकांचा गठ्ठा नुसता अंगठ्यानं फर्रर्र करून ते सांगत, "दोनशे अठरा," आणि दोनशे अठराच भरत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी मोजायला काही दिलं नव्हतं. आज लेकीनं एकेचाळीस निबंध पुढ्यात ठेवल्यावर त्यांनी आत जाऊन शर्ट बदलला.

"बाबा, या कोपऱ्यात रोल नंबर आहेत. ते कापून काढा. मग निबंध पिसा आणि त्यांवर एक ते एकेचाळीस नवे आकडे टाका. कोणाचा निबंध कोणता, ते कळता कामा नये."

"कोणाला?"

नव्या मॅडम तेव्हा टेबलाखाली पेनाचं टोपण शोधत होत्या. "कोणालाच नाही!" त्या टेबलाखालून म्हणाल्या.

"चिंता करू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला होता.

आपण चुकूनही काही पाहू नये म्हणून नव्या मॅडम चप्पल घालून तासभर फिरायला गेल्या. स्वतःच्या प्रामाणिकपणावर त्या इतक्या खूश होत्या, की कोपऱ्यावरून वळून आणखी अर्धा तास फिरल्या.

मंगळवार ते शुक्रवार त्यांनी निबंध तपासले. प्रश्न एकच होता : रोज डोळ्यांसमोर घडणारी एक गोष्ट घ्या आणि तिथे उष्णता कुठून कुठे जाते ते समजावून सांगा. वीस गुण. एका निबंधाला पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. गुण निबंधावर लिहायचे नाहीत, वेगळ्या तक्त्यात. आणि एक कडक नियम : विषयाशी संबंध नसलेलं प्रत्येक वाक्य लाल पेनानं खोडायचं, समासात 'अवांतर' लिहायचं आणि अर्धा गुण कापायचा.

अवांतर फारच निघालं. 'आमचे इस्त्रीचे दुकान आहे आणि वडिलांच्या अंगठ्याला आता भाजलेले कळत नाही.' अवांतर. 'माझी आजी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून झोपते आणि सकाळी म्हणते, पिशवीच माझ्यामुळे गरम राहिली.' नव्या मॅडमना हसू आलं. हसून झाल्यावर त्यांनी अर्धा गुण कापला. नियम म्हणजे नियम!

काही निबंध मात्र असे, की लाल पेन टेकवायला जागा नाही. चहाचा कप कसा निवतो, यावर मुद्देसूद, आटोपशीर दीड पान. गुरुवारी असा चौथा निबंध हाती आला तेव्हा मॅडमना वाटलं, हे आपण कुठंतरी वाचलंय. क्षणभर विचार केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे आपणच वर्गात शिकवलेलं असणार. काय एकसारखं पोचलंय आपलं शिकवणं! डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता शेवटचा निबंध संपला. नव्या मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि हाक मारली, "बाबा, यादी द्या."

"कसली यादी?" बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले.

"कोणता आकडा म्हणजे कोणता रोल नंबर, त्याची."

वर्तमानपत्र खाली आलं. "तशी यादी नसते, बाळ."

"नसते म्हणजे?"

"तशी यादी ठेवली, तर गुप्तता कसली? चौतीस वर्षांत एका मतपत्रिकेवरून एक मतदार कुणाला शोधता आला नाही. कुणालाच नाही, असं तूच म्हणालीस ना?"

"बाबा, ते मतदान असतं! ही परीक्षा आहे! निकालात नाव लागतं, नाव!" नव्या मॅडम उभ्याच्या उभ्या खुर्चीत बसल्या. "ते कोपरे... ते कापलेले कोपरे कुठं आहेत?"

बाबा उठले. कपाटातून त्यांनी एक घडी घातलेला कागद आणला आणि खणखणीत आवाजात वाचला. "सोमवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. एकेचाळीस कापीव कोपरे दोन साक्षीदारांसमक्ष मोजून, बादलीतल्या पाण्यात वीस मिनिटं भिजवून, लगदा करून नष्ट करण्यात आले. सही, साक्षीदार क्रमांक एक, गृहिणी. सही, साक्षीदार क्रमांक दोन, समोरच्या काकू."

"आई! तू सही केलीस?"

"हे म्हणाले कर, मी केली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी म्हटलंसुद्धा, अहो, एवढं बारीक कशाला कुस्करताय? तर म्हणाले, नियम आहे. लगदा मी कुंडीत घातला. झाडाला बरा असतो."

नव्या मॅडमनी संगणक खोलीत फोन लावला. एखादी तरी फाइल राहिली असेल! एखाद्या संगणकानं तरी आळस केला असेल!

"छे हो मॅडम," पलीकडून अभिमानानं उत्तर आलं. "तुम्ही लेखी दिलं होतं ना, तस्सं सगळं पुसलं. दोनदा पुसलं. तुमची चिठ्ठी मी काचेखाली ठेवलीय. इतकं स्वच्छ सांगणारं कुणी भेटत नाही हो हल्ली!"

फोन खाली ठेवून त्या टेबलाशी बसून राहिल्या. अक्षर नाही, नाव नाही, फाइल नाही, यादी नाही. एकेक वाट त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती, आणि आता त्या आतच राहिल्या होत्या.

बाबा बराच वेळ दारात उभे होते. "माझं चुकलं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

आता तुम्हीच सांगा, बदललेला शर्ट घालून चाळीस मिनिटं बादलीपाशी उकिडवं बसलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं हो म्हणायचं?

"नाही, बाबा. तुम्ही सांगितलं तसंच केलंत. मी सांगितलं अर्धवट."

"मग उद्या मी येतो बरोबर. मोजायला कुणीतरी लागेलच."

शनिवारी सकाळी नऊ वाजता वर्गात एकेचाळीस विद्यार्थी हजर होते. दाराशी खुर्ची टाकून बाबा बसले, मांडीवर रोल नंबरांची यादी आणि हातात पट्टी. नव्या मॅडम टेबलामागे उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी चार वेगवेगळी भाषणं तयार केली होती. ऐन वेळी चारही गेली.

"तुमचे निबंध मी तपासलेत," त्या म्हणाल्या. "नीट तपासलेत. फक्त कोणता कोणाचा, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. चूक माझी आहे. बारा वाजता निकाल लागला नाही, तर पुढच्या वर्षी निबंध नाहीत." मग त्यांनी जोडलं, "आणि बहुतेक मीही नाही."

मग एकच कल्ला!

"मॅडम, मग सगळ्यांना वीस द्या! विषयच संपला!"

"मॅडम, चिठ्ठ्या टाका!"

"ज्याचा सगळ्यात चांगला, तो माझा. लिहून घ्या!"

"शांतता!" दारातून बाबा म्हणाले. चौतीस वर्षांचं वजन त्या एका शब्दात होतं. वर्ग चिडीचूप झाला. "एका वेळी एक जण बोलेल. गुण कुणालाही आधी सांगितले जाणार नाहीत. खोटा दावा करणाऱ्याला रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. करा सुरुवात, मॅडम."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीला मॅडम म्हटलं होतं. नव्या मॅडमनी पहिला निबंध उचलला. पहिल्यापासून वाचायला वेळ नव्हता. डोळ्यांना सर्वांत आधी काय दिसलं, तर लाल रेघ. म्हणून त्यांनी खोडलेलं वाक्यच वाचलं.

"'आमचे इस्त्रीचे दुकान आहे आणि वडिलांच्या अंगठ्याला आता भाजलेले कळत नाही.'"

चाळीस माना एकदम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथली मुलगी उभी राहिली. "माझा, मॅडम. पण खोडलंत होय ते?"

"खोडलं," नव्या मॅडम म्हणाल्या. कान तापले होते. "पुढचा. 'माझी आजी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून...'"

"ए, तुझी आजी!" चार जण ओरडले. आजीचा नातू लाजत पुढं आला. त्यानं निबंध घेतला. बाबांनी यादीवर टिक केली. "दोन."

मग गाडी सुसाट निघाली. 'आमच्या सलूनमध्ये दाढीचा टॉवेल काका स्वतःच्या मानेवर आधी लावून बघतात.' "बारा नंबर, मॅडम!" 'बस उन्हात उभी असते तेव्हा बाबा स्टिअरिंगवर ओला रुमाल टाकून जेवायला जातात.' "ड्रायव्हरची लेक!" 'मला ताप आला की आई कपाळाला गाल लावून बघते, हाताने बघत नाही.' या वाक्याला वर्गातून कुणी नाव घेतलं नाही. एक मुलगा नुसता उठून आला, निबंध घेतला आणि तसाच गेला.

जे जे नव्या मॅडमनी अर्धा गुण कापून फेकून दिलं होतं, त्याला धरून मुलं आपापल्या कागदापर्यंत पोचत होती. त्या एकेक वाक्य वाचत होत्या आणि मनातल्या मनात माफी मागत होत्या. सात महिने या मुलांना त्या रोल नंबरांनी ओळखत होत्या. अंगठा, आजी, टॉवेल, गाल, यांतलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. एखादा काळा गोल हातात धरून हा कोणाचा म्हणून विचारलं असतं, तर कोण उठलं असतं?

"सत्तावीस," बाबांनी जाहीर केलं. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. चौदा राहिले.

दोन निबंध बोलण्याच्या लकबीवरून सापडले. एकात प्रत्येक परिच्छेद 'थोडक्यात' पासून सुरू होऊन पाऊण पान चालत होता. त्याच्या मालकाला मित्र दोन वर्षं त्याच शब्दानं चिडवत होते. दुसऱ्यात प्रत्येक वाक्याला प्रश्नचिन्ह होतं. पुढचा निबंध ओल्या टॉवेलवर होता, आणि त्याला एकदम दोन हात वर झाले. पहिल्या बाकावरची मुलगी आणि खिडकीजवळचा मुलगा.

"माझा," ती म्हणाली.

"टॉवेलवर मीपण लिहिलंय," तो पुटपुटला. हा मुलगा वर्षभरात वर्गात पुटपुटण्यापलीकडे गेला नव्हता.

खरंच ओल्या टॉवेलवर दोन निबंध होते. मॅडमनी तक्ता झाकून धरला. एकाला साडेअठरा, वर्गात सर्वांत जास्त. दुसऱ्याला तेरा.

"तू वाच," त्यांनी साडेअठराचा निबंध पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला. यंत्रावरच्या प्रत्येक परीक्षेत ही पहिली. ती ठसक्यात वाचायला लागली. दुसऱ्या परिच्छेदात आवाज थोडा हळू झाला. तिसऱ्यात ती थांबली. "'...पण हवाच आधी ओलसर असेल, तर टॉवेल वाळत नाही आणि गारही लागत नाही. म्हणजे गारवा पाण्यात नसतो, पाणी निघून जाण्यात असतो.'"

तिनं पुन्हा एकदा तेच वाक्य मनात वाचलं.

"मॅडम, हा माझा नाही. मला हे माहीतच नव्हतं." ती वळली. "ए, कधी सुचलं रे तुला हे?"

"टॉवेल वाळत नव्हता तेव्हा," खिडकीजवळचा म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. पण चिडवणारं हसू नव्हतं ते. मुलीनं तेराचा निबंध उचलला आणि आपल्या जागी जाऊन बसली. आपण साडेपाच गुण हातातून सोडलेत हे तिला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी तिनं सोडले असते, असं नव्या मॅडमना अगदी ठाम वाटलं.

"एकतीस. राहिले दहा."

आता वर होता तो अर्ध्या पानाचा निबंध. त्यातलं पहिलंच वाक्य मॅडमनी वाचलं : 'यात उष्णता थंडाकडून गरमाकडे जाते.' वर्गात खसखस पिकली. एवढं धडधडीत उलट!

शेवटच्या बाकावरून एक उंच मुलगा उठला. याचं नाव सगळ्यांनी 'उद्या' ठेवलं होतं, कारण कुठलीही वही मागितली की तो तेवढंच म्हणायचा.

"माझा, मॅडम."

"खात्री आहे?"

"एवढं चुकीचं लिहायला दुसऱ्या कुणाला जमणार?"

तीन गुण होते त्याला. तो उठला नसता तर त्या निबंधावर दावा सांगायला काळं कुत्रं आलं नसतं. मॅडमना राहवलं नाही. "अरे, पण असं लिहिलंस का? कशाबद्दल लिहिलंस?"

"फ्रिजबद्दल."

"यात फ्रिज हा शब्दच नाही!"

"आमचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे ना. घरात तेच बोलतो आम्ही दिवसभर. वेगळं काय लिहायचं?" त्यानं हातानं हवेत एक चौकोन काढला. "आत थंड असतं. तिथली उष्णता काढून मागच्या गरम जाळीत टाकायची. ती आपणहून जात नाही, मॅडम, तिला ढकलावं लागतं. म्हणून मोटर. मोटर बंद, तर सगळं बंद."

नव्या मॅडमनी कागदाकडे पाहिलं. शेवटची ओळ होती : 'ढकलणारा नसेल तर जात नाही.' समासात त्यांच्याच हातचं लाल प्रश्नचिन्ह. त्यांनी तक्त्यातले तीन खोडले आणि बारा लिहिले. "एक विनंती आहे. पुढच्या वेळी फ्रिजला फ्रिज म्हण."

"पुढच्या वेळी नक्की," उद्या म्हणाला. "बत्तीस," बाबा म्हणाले.

अकरा वाजून वीस मिनिटं. नऊ निबंध आणि नऊ विद्यार्थी. झालंच की! मॅडमनी पहिला वाचायला घेतला. "'समजा, टेबलावर चहाचा एक कप ठेवला आहे.'"

नऊ हात वर झाले.

दुसरा घेतला. 'समजा, टेबलावर चहाचा एक कप ठेवला आहे.' तिसरा. समजा, टेबलावर. नव्या मॅडमनी नऊ निबंध पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. नऊ कप! एकाच टेबलावर! एकाच वेगानं निवत होते. स्वल्पविरामसुद्धा जागचे हलले नव्हते.

"हे काय आहे?"

"शिकवणीच्या नोट्स, मॅडम," नवांतला एक म्हणाला. "तिथल्या सरांनी बावीस निबंध पाठ करून घेतले. त्यातला हा एकोणिसावा."

म्हणजे मॅडमचं शिकवणं एकसारखं पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते दुसऱ्याच कुणाचं! पण या धक्क्याला वेळ नव्हता, कारण दुसरा मागोमाग आला.

"मॅडम, मग कुणालाही कुठलाही द्या ना. शब्द न् शब्द एक आहे. गुणपण एकच असतील!"

"अर्थात!" म्हणून नव्या मॅडमनी तक्ता उघडला, आणि झाकला. पुन्हा उघडला. अकरा. नऊ. साडेदहा. बारा. साडेनऊ. साडेअकरा. दहा. साडेआठ. अकरा.

बारा मिळालेला निबंध त्यांनी तपासला होता उद्याच्या अर्ध्या पानानंतर. साडेआठवाला आला होता ओल्या टॉवेलच्या पाठोपाठ. सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. कोणानंतर कोणता वाचायचा, ही एक राहिली होती.

आणि नेमके त्याच वेळी विभागप्रमुख दारात उभे राहिले.

"मॅडम, फलक रिकामा आहे." त्यांनी घड्याळ दाखवलं. अकरा पस्तीस. "किती राहिले?"

"नऊ, सर. पण ते नऊ..."

"तपासायचेच राहिले? आणा इकडे!" सरांनी खुर्ची ओढली, खिशातून पेन काढलं. "दहा मिनिटांत देतो."

"सर, पण ऐका, ते सगळे..."

"मॅडम." सरांनी हात वर केला. "मी दहा वर्षं तपासलेत. निबंध वाचायचा नसतो, हुंगायचा असतो. नजर फिरवली की मुलगा कळतो. पाहा आणि शिका."

सरांनी पहिल्या निबंधाचं पहिलं पान हुंगलं. "ठीक. बारा." दुसऱ्याचं शेवटचं पान हुंगलं. "शेवट गुंडाळलाय. आठ." एकावर मान डोलावली. "वा! याला म्हणतात विचारांची शिस्त. साडेतेरा!" पुढच्यावर नाक मुरडलं. "पाठांतर. डोकं वापरलेलं नाही. सात." बाकांवर माणसं ओठ चावत होती. इस्त्रीवाल्यांची मुलगी वहीत तोंड खुपसून थरथरत होती. दाराशी बाबा मात्र दगडासारखे बसून एकेक आकडा उतरवून घेत होते.

अकरा मिनिटांत नऊ निबंध संपले. सरांनी पेन खिशाला लावलं. "झालं! ही असते नजर."

शेवटच्या बाकावर उद्या फुटला. त्याच्यामागोमाग सगळा वर्ग.

"काय झालं?" सर कडाडले.

पहिल्या बाकावरची मुलगी अदबीनं उभी राहिली. "सर, तो साडेतेराचा आणि तो सातचा, दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघता का?"

सरांनी ठेवले. मग चष्मा काढून पुसला. मग उरलेले सात त्यांच्या शेजारी ठेवले. खुर्ची करकरली. सरांनी त्या दिवशी अर्धं सोडलेलं वाक्य नव्या मॅडमना आता पुरं होताना ऐकू येऊ लागलं.

"यांना तुम्ही किती दिलेत?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

तक्ता लपवता आला असता. नव्या मॅडमनी तो सरांपुढं ठेवला. "अर्धा गुण म्हणाले होते, सर. मी चुकले."

सरांनी तक्ता पाहिला. आपले आकडे पाहिले. पुन्हा तक्ता पाहिला. आणि मग एक गोष्ट घडली, जी त्या कॉलेजात कुणी पाहिली नव्हती : विभागप्रमुख हसले. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग डोळे पुसायला रुमाल काढावा लागला.

"दहा वर्षं!" ते म्हणाले. "दहा वर्षं मी हुंगत होतो हो! बरं झालं मुलांनी कधी कागद ताडून पाहिले नाहीत. आता या नऊ जणांचं काय करायचं?"

"दोघांचे आकडे एकत्र करा," टेबलाशी येऊन तक्त्यावरून नजर फिरवत बाबा म्हणाले. त्यांची बेरीज तयारच होती. "मॅडमचे त्र्याण्णव, साहेबांचे सत्त्याऐंशी. एकशे ऐंशी भागिले अठरा. प्रत्येकी दहा. कुणाची हरकत?"

बावीस निबंध पाठ करणाऱ्या नऊ जणांना हरकत घ्यायला तोंड नव्हतं.

"पुढच्या वर्षी निबंधच," सरांनी निकालावर सही करता करता सांगितलं. "पण तपासणारे दोन. वेगवेगळ्या खोलीत. एक मी."

"आणि दुसरे, सर?"

"दुसरं कोण असणार? तक्ता लपवत नाही असं माणूस मला आणखी कुठं मिळणार? तुम्हीच."

नव्या मॅडमना खूप काही बोलायचं होतं. उद्याला, टॉवेलच्या दोघांना, इस्त्रीवाल्यांच्या मुलीला, बादलीपाशी बसलेल्या बाबांना. या एकेचाळीस जणांतल्या कुणीही एक खोटा हात वर केला असता, तर सगळा डाव कोसळला असता. पण त्यांनी तक्ता पुढं ओढला. त्या एवढंच म्हणाल्या, "अवांतरचे कापलेले सगळे अर्धे गुण मी परत देतेय. थांबा, बेरीज करू द्या."

"आधीच केलीय," बाबा म्हणाले. "एकूण साडेतेवीस."

निकाल अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी फलकावर लागला. वर्ग पांगल्यावर विभागप्रमुखांनी स्वतः खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं : निबंध एक, प्रती नऊ, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांमधलं अंतर. मॅडम, साडेतीन. मी, साडेसहा.